बिनतारी गिअरची सायकल घेतलीत? मग आधी एवढं करा

बिनतारी गिअर हॅक होऊ शकतात, अशी बातमी २०२४ मध्ये आली आणि ती खरी आहे. पण तुमचे गिअर एखाद्या रविवारी वरंध घाटात बंद पडले, तर त्यामागे बहुतेक वेळा संपलेला बटण सेल, चार्ज न केलेली बॅटरी किंवा किंचित वाकलेला हँगर (मागचं गिअर बदलणारं यंत्र फ्रेमला ज्यावर टांगलेलं असतं तो धातूचा तुकडा) असेल. हॅकर त्या यादीत फार खाली येतो. नवीन लोक नेमकं उलट करतात: बातमी वाचून घाबरतात आणि सेल मात्र दोन-दोन वर्षं बदलत नाहीत. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी घेतो. सुरक्षेची कामं थोडी आहेत, ती एका संध्याकाळी उरकतात. बॅटरी, सेल आणि हँगरकडे मात्र सायकल असेपर्यंत लक्ष द्यावं लागतं.

आपल्या सायकलवर काय बसवलंय ते आधी बघा

'बिनतारी' हा शब्द सगळे सरसकट वापरतात, पण आतली रचना कंपनीगणिक वेगळी आहे आणि पुढची सगळी कामं त्यावर ठरतात.

शिमानोच्या १२ स्पीड डीआय२ या इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये (त्यातले ड्युरा-एस आणि अल्टेग्रा हे संच २०२१ मध्ये आले, १०५ त्यानंतर २०२२ मध्ये) फक्त शिफ्टर, म्हणजे हँडलवरचे गिअर बदलायचे खटके, बिनतारी असतात. पुढचा आणि मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारं यंत्र) सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या आत बसवलेल्या एकाच बॅटरीला वायरने जोडलेले असतात. शिफ्टरचा रेडिओ संदेश मागचा डिरेलर घेतो आणि पुढच्याला वायरवरून कळवतो. शिफ्टरमध्ये सीआर १६३२ जातीचे बटण सेल असतात.

स्रॅमच्या ईटॅप आणि एएक्सएस या संचांमध्ये वायर कुठेच नाही. दोन्ही डिरेलरवर आपापली छोटी बॅटरी चिकटलेली असते, ती बोटाने क्लिप उघडून काढता येते आणि पुढची मागे, मागची पुढे चालते. शिफ्टरमध्ये सीआर २०३२. कॅम्पॅग्नोलोचं सुपर रेकॉर्ड वायरलेस २०२३ मध्ये आलं. तेही पूर्ण बिनतारी आहे, पण त्याच्या पुढच्या-मागच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या आकाराच्या आहेत, म्हणजे अदलाबदलीची सोय नाही. आपल्याकडे ते फारसं दिसत नाही, म्हणून पुढे शिमानो आणि स्रॅमबद्दलच बोलतो.

हा प्रकार नवा वाटतो, पण फ्रान्सच्या माविक कंपनीने मेकट्रॉनिक नावाचे बिनतारी गिअर १९९९ मध्येच आणले होते. ते भरवशाचे ठरले नाहीत आणि कल्पना बरीच वर्षं पडून राहिली. आजचे गिअर त्या मानाने फारच पक्के आहेत. शिफ्टर ते डिरेलर हे अंतर जेमतेम दीड मीटरच्या आतबाहेर, त्यामुळे वायफाय आणि ब्लूटूथच्या गर्दीतही संदेश पोचतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शंभर राउटर असले म्हणून तुमचा गिअर अडत नाही.

हॅकिंगची भानगड नेमकी काय होती

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेच्या संशोधकांनी शिमानो डीआय२ च्या बिनतारी भागावरचा आपला अभ्यास एका सुरक्षा परिषदेत मांडला. त्यात तीन दोष दाखवले होते.

पहिला दोष सगळ्यात गंभीर. शिफ्टरने पाठवलेला संदेश हवेतून पकडून ठेवायचा आणि नंतर जसाच्या तसा पुन्हा सोडायचा. डिरेलर तो खरा मानून गिअर बदलायचा. घरच्या माणसाचा आवाज टेप करून दाराबाहेर वाजवला आणि आतून कडी निघाली, असा मामला. संदेश कूटबद्ध असूनही फायदा नव्हता, कारण चोराला तो उलगडायची गरजच नव्हती. हा संदेश 'आत्ताचा' आहे की जुना, हे तपासायची सोय यंत्रणेत नव्हती, हीच खरी चूक. बाजारात सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअर रेडिओच्या (संगणकावरून चालवायच्या रेडिओच्या) साहाय्याने, कुठलाही अँप्लिफायर न लावता, हे १० मीटरवरून जमलं.

दुसरा दोष जॅमिंगचा, म्हणजे रेडिओ संदेश अडवण्याचा: शेजारच्या सायकलींना धक्का न लावता एकाच सायकलचे गिअर बंद पाडता येत होते. तिसरा माहिती फुटण्याचा. गिअरची स्थिती सायकल कॉम्प्युटरला कळवण्यासाठी जी अँट प्लस पद्धत वापरली जाते, तिच्यातून तुमच्या सायकलची माहिती जवळच्या दुसऱ्यालाही वाचता येत होती.

संशोधकांनी हे जाहीर करण्याच्या बरंच आधी शिमानोला कळवलं होतं आणि दोघांनी मिळून उपाय केला. सुधारित फर्मवेअर (गिअरच्या आतलं सॉफ्टवेअर) आधी व्यावसायिक संघांना मिळालं, त्यानंतर ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस सगळ्यांसाठी खुलं झालं. संघांना आधी का, हे उघड आहे. टूर द फ्रान्सच्या चढावर प्रेक्षक सायकलस्वाराच्या हातभर अंतरावर उभे असतात. दहा मीटर तिथे काहीच नाही, आणि सीटवरून उठून जोर लावत असताना अचानक जड गिअर पडला तर स्वार हरतो किंवा पडतो. तिथे पैसा आहे, हेतू आहे, संधी आहे. सिंहगडावर तुमच्या मागे रेडिओ घेऊन कोण येणार? माझ्या मते हौशी सायकलस्वाराला या हल्ल्याचा धोका आज जवळपास शून्य आहे. तरीही फर्मवेअर घ्यायचंच, कारण ते फुकट आहे आणि त्याच अपडेटमधून इतर दुरुस्त्याही येतात.

जाता जाता: जॅमर ही आपल्याकडे खेळण्याची वस्तू नाही. भारतात सरकारी परवानगीशिवाय जॅमर विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे. गंमत म्हणून मित्राच्या सायकलवर प्रयोग करायची कल्पना कुणाला सुचली तर तिथेच थांबवा.

पहिली संध्याकाळ: फर्मवेअर, पासकी, पेअरिंग

१. शिमानो असेल तर फोनवर ई-ट्यूब प्रोजेक्ट सायक्लिस्ट हे ॲप घ्या, स्रॅम असेल तर एएक्सएस. ॲप कंपनीच्या नावाने अधिकृत दुकानातूनच उतरवा, गटात आलेल्या फाइलवरून नाही.

२. अपडेट करण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि फोनही. सायकल घरात, फोन तिच्या शेजारी, आणि अपडेट चालू असताना फोनवर दुसरं काही करायचं नाही. अर्धवट तुटलेलं अपडेट ही सुटणारी पण डोकं खाणारी गोष्ट आहे. म्हणूनच शर्यतीच्या किंवा ब्रेव्हेच्या (ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या) आदल्या रात्री अपडेट कधीही करू नका. निदान आठवडाभर आधी करा, मग एक नेहमीची राइड मारून सगळे गिअर वर-खाली तपासा.

३. ॲप प्रत्येक भागाची आवृत्ती वेगळी दाखवतं. मागचा डिरेलर अद्ययावत झाला म्हणजे शिफ्टरही झाले असं नाही. यादी शेवटपर्यंत बघा. दुकानातून नवी घेतलेली सायकलही जुन्या फर्मवेअरची असू शकते, कारण ती गोदामात किती महिने पडून होती ते दुकानदारालाही माहीत नसतं.

४. शिमानोच्या ॲपला सायकलशी जोडताना एक पासकी लागते आणि कारखान्यातून ती सहा शून्यं अशी येते. ती बदला. अनेक जण ती तशीच ठेवतात. नवी पासकी फोनमध्येच नाही, सायकलच्या बिलावरही लिहून ठेवा. मेकॅनिकला कधीतरी लागते आणि तेव्हा ती आठवत नाही.

५. शिमानोच्या १२ स्पीड शिफ्टरवर आणि मागच्या डिरेलरवर क्यूआर कोड असतात, ॲपमध्ये भाग नोंदवायला ते लागतात. सायकल स्वच्छ असताना त्यांचे फोटो काढून ठेवा. वर्षभराने घामाने आणि चिखलाने ते पुसट होतात, आणि शिफ्टरवरचा तर रबरी हूडखाली लपलेला असतो.

६. फोन जोडणं, पासकी बदलणं ही कामं शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर शंभर जणांच्या गर्दीत करू नका. घरी करा.

जुनी सायकल विकत घेतली असेल तर वरचं सगळं आधी करा. शिवाय आधीच्या मालकासमोरच त्याच्या ॲपमधून सायकल काढून टाकायला सांगा, मग शिफ्टर नव्याने पेअर करा, म्हणजे डिरेलरशी पुन्हा जोडा, आणि पासकी बदला. हल्ली काही चिनी कंपन्यांचे स्वस्त बिनतारी संचही मिळतात. ते घेताना एकच प्रश्न विचारा: याचं फर्मवेअर अपडेट कसं करायचं, ते करून दाखवा. विक्रेत्याला दाखवता आलं नाही तर पुढे दोष सापडला तरी तो दुरुस्त होणार नाही, असं गृहीत धरा.

आणि एखादा खरोखरच शर्यती मारणारा वाचक असेल तर त्याच्यासाठी: ड्युरा-एस आणि अल्टेग्राच्या शिफ्टरला वायर जोडायचीही सोय आहे. वायरने जोडलं की हवेतून पकडायला संदेशच उरत नाही. १०५ ची सायकल असेल तर हा मार्ग मिळेलच असं धरून चालू नका, तिचे शिफ्टर मुळात बिनतारी म्हणूनच बनवलेत.

बॅटरी: इथे माणसं अडकतात

शिमानोची बॅटरी साधारण १००० किलोमीटर चालते असं कंपनी सांगते, स्रॅमची सुमारे ६० तास. हे आकडे सपाट रस्त्यावर मंद चालीने सायकल चालवणाऱ्याला जास्त लागू पडतात. घाटात, शहरातल्या सिग्नलांवर, कोकणातल्या चढ-उतारांवर गिअर सतत बदलतात, आणि एका बदलाला सगळ्यात जास्त वीज पुढचा डिरेलर खातो. म्हणून किलोमीटर मोजत बसू नका. दर दोन आठवड्यांनी चार्ज करा आणि मोठ्या राइडच्या आदल्या दिवशी पुन्हा. ४० तासांची मुदत असलेल्या ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला किंवा पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या ६४३ किलोमीटरच्या डेक्कन क्लिफहँगरला निघताना बॅटरी भरलेली असेल तर ती पुरायला हवी. पण 'मागच्या वेळी पुरली होती' या हिशेबावर निघू नका.

शिमानोचं चार्जिंग मागच्या डिरेलरला खास वायर लावून होतं. ही वायर शेजाऱ्याकडे किंवा ढाब्यावर मिळत नाही. मुक्कामाच्या राइडला ती बॅगेत आधी टाका, कपडे नंतर. बॅटरी अगदी उतरली की डीआय२ मध्ये पुढचा डिरेलर आधी बंद होतो, मागचा थोडा वेळ चालत राहतो. म्हणजे पुढची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) बदलेनाशी झाली की ती सूचना समजा: मागचा मधल्या, घरी पोचता येईल अशा गिअरवर आणा आणि मग त्याला हात लावू नका. तो जिथे थांबेल तिथेच राहील. सगळ्यात लहान चक्रावर अडकलात तर पुढचा प्रत्येक चढ पायांना लक्षात राहील.

स्रॅममध्ये डिरेलरवरचा छोटा दिवा गिअर बदलताना लागतो. हिरवा असेल तर निश्चिंत, लाल झाला तर लवकर चार्ज करा, लाल लुकलुकू लागला तर आजच. मागची बॅटरी रस्त्यात संपली तर पुढची काढून मागे लावता येते. पण आधी पुढे छोटी चेनरिंग घ्या, मगच बॅटरी काढा. उलट केलंत तर मोठ्या चेनरिंगवर अडकून घाट चढावा लागेल. सुटी बॅटरी विकत घेता आली तर उत्तम, खिशात मावते.

स्रॅमची आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. हालचाल जाणवली की तिचे डिरेलर जागे होतात. गाडीच्या कॅरिअरवर सायकल लावून मुंबईहून महाबळेश्वरला गेलात तर खड्ड्यांमुळे ते वाटभर जागेच राहतात. प्रवासात बॅटऱ्या काढून ठेवा आणि त्यांच्या जागी सोबत मिळालेलं प्लास्टिकचं झाकण लावा, म्हणजे संपर्काच्या पट्ट्यांत धूळ शिरत नाही.

आता बटण सेल. ते वर्ष-दोन वर्षं चालतात, आणि त्यामुळेच विसरले जातात. मोठी बॅटरी दर वेळी चार्ज करताना आठवते, शिफ्टरमधला सेल कुणाला आठवत नाही. मग एके दिवशी डावा शिफ्टर दाबला तर काहीच होत नाही आणि माणूस 'हॅक झालं' म्हणून गटात संदेश टाकतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, दोन्ही शिफ्टरचे सेल बदलून टाका. शंभर रुपयांच्या आतबाहेरची वस्तू आहे. नावाजलेल्या कंपनीचाच घ्या. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप दिलेला असतो. त्या लेपामुळे कधी कधी संपर्क नीट होत नाही, तसा सेल आला तर बदला. सीआर १६३२ गावातल्या दुकानात सहज मिळत नाही, सीआर २०३२ बहुतेक ठिकाणी मिळतो. तेव्हा शिमानोवाल्यांनी एक जोडी सॅडल बॅगमध्ये ठेवायलाच हवी, झाकणाच्या स्क्रूला लागणाऱ्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरसकट.

सुटा सेल जवळ नसेल तर दुसऱ्या शिफ्टरमधला काढून लावता येतो. शिमानोत नेहमीच्या मांडणीत उजवा शिफ्टर मागचे गिअर बदलतो, डावा पुढचे. उजवा बंद पडला तर डाव्यातला सेल त्यात घाला, पुढची चेनरिंग आहे तशी राहू द्या. स्रॅममध्ये उजवा शिफ्टर गिअर जड करतो, डावा हलका, आणि दोन्ही एकदम दाबले की पुढची चेनरिंग बदलते. तिथे चढ समोर असेल तर डावा जिवंत ठेवा.

गिअर आपोआप बदलतोय? या क्रमाने शोधा

भुताटकीची तक्रार बहुतेक वेळा सेटिंगमधून येते. शिमानोत सिंक्रो शिफ्ट आणि स्रॅममध्ये सीक्वेन्शियल किंवा कॉम्पेन्सेटिंग नावाच्या पद्धती आहेत. त्या चालू असल्या की तुम्ही मागचा गिअर बदलताना यंत्रणा स्वतःच पुढची चेनरिंग बदलते, किंवा पुढची बदलल्यावर मागे एक-दोन पायऱ्या सरकते. नवख्याला वाटतं, मी काही केलंच नाही. ॲपमध्ये जाऊन या पद्धती बंद करा आणि सुरुवातीचे काही महिने साध्या पद्धतीनेच चालवा. हात बसला की चालू करा, हवंच असेल तर.

सेटिंग ठीक असेल तर बटणं बघा. बटण दाबून धरलं की एकामागून एक गिअर पडत जाण्याची सोय बहुतेकांत चालू असते. जाड हातमोज्याने किंवा हूडखाली अडकलेल्या चिखलाने बटण दबलेलं राहिलं तर चेन कॅसेटच्या (मागच्या चक्रांच्या संचाच्या) एका टोकाला जाऊन थांबते. हूड उलटून पुसा.

त्यानंतर हँगर. गिअर बदलतो पण नीट बसत नाही, कटकट आवाज येतो, चेन दोन चक्रांमध्ये डगमगते, असं असेल तर रेडिओचा काही संबंध नाही. सायकल उजव्या बाजूवर पडली, रेल्वेत कुणी तिच्यावर बॅग टेकवली, गाडीत आडवी ठेवली, एवढ्याने हँगर वाकतो. केबलच्या गिअरमध्ये माणूस थोडं जुळवून घेतो. मोटर मात्र ठरलेल्या अंतरावरच थांबते, म्हणून एखादा मिलिमीटरही लगेच जाणवतो. हँगर सरळ करायचं हत्यार चांगल्या मेकॅनिककडे असतं. ॲपमधून डिरेलरची जागा बारीक सरकवता येते, पण वाकलेल्या हँगरवर तो उपाय नाही. आधी हँगर सरळ, मग ॲप. तुमच्या फ्रेमचा सुटा हँगर सायकल घेतानाच मागून घ्या. बऱ्याच फ्रेमचा वेगळा असतो आणि नंतर तो मिळवायला आठवडे जातात.

पडल्यावर डीआय२ चा मागचा डिरेलर काहीच करेनासा झाला तर तो मोडला असं लगेच समजू नका. धक्का बसल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी तो मोटरपासून सुटा होतो. सायकल उभी करून मागचं चाक उचला, पेडल फिरवत गिअर बदलून बघा. बहुतेक वेळा तो पुन्हा जागेवर येतो.

एवढं सगळं तपासून झाल्यावरच रेडिओकडे वळा. आणि तिथेही आधी शिफ्टर पुन्हा पेअर करून बघा, मग फर्मवेअर.

पाऊस आणि धुलाई

सह्याद्रीतला पाऊस हे गिअर सोसतात, तशीच त्यांची बांधणी असते. सोसत नाही तो गाड्या धुवायचा प्रेशर वॉशर. त्या धारेने पाणी सीलच्या आत ढकललं जातं. साधी नळी, बादली, ब्रश पुरेत. भिजल्यावर स्रॅमच्या बॅटऱ्या काढून संपर्काच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा. शिमानोच्या चार्जिंगच्या जागेवरचं रबरी झाकण नीट बसलंय ना ते बघा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी, अलिबागपासून मालवण-पणजीपर्यंत, हे जरा जास्त वेळा करावं. खारी हवा पट्ट्यांवर हिरवट थर आणते आणि मग भरलेली बॅटरीही रिकामी असल्यासारखी वागते.

विमानाने सायकल नेताना

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या जवळच्या बॅगेत घ्याव्या लागतात. म्हणजे स्रॅमच्या बॅटऱ्या डिरेलरवरून काढा, संपर्काच्या बाजूला झाकण किंवा टेप लावा आणि केबिन बॅगेत ठेवा. सुटे बटण सेलही तिथेच, मूळ पाकिटात. शिमानोची बॅटरी सीटपोस्टमध्ये बसवलेली असते, ती तशीच राहू शकते, पण विमान कंपनीला आधी विचारा आणि काउंटरवर विचारलं तर 'आत लिथियम बॅटरी आहे' हे स्पष्ट सांगा. मागचा डिरेलर हँगरवरून सोडवून, गुंडाळून, चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या) आतल्या बाजूला बांधा. शिमानोची वायर त्याला जोडलेली असते, ती ताणली जाणार नाही इतपत ढील ठेवा. उतरल्यावर सायकल जोडून झाली की हॉटेलच्या आवारातच सगळे गिअर एकदा वरपासून खालपर्यंत चालवून बघा. बिघाड सापडायचाच असेल तर सुरुवातीच्या रेषेवर सापडण्यापेक्षा तिथे सापडलेला बरा, निदान मेकॅनिक शोधायला रात्र हाताशी असते.